बिनभाड्याचं घर आणि दुबईतला मालक

पत्र

ताई, आम्ही कळव्याला राहतो. दोन खोल्या, भाडं १६ हजार. मालकांना मुलाच्या लग्नासाठी घर हवंय, त्यामुळे महिनाअखेर सोडायचंय. मिस्टरांच्या कंपनीतले एक जण वर्षभर मानपाड्याला हेवी डिपॉझिटवर राहतात, भाडं शून्य. त्यांनी त्यांच्या एजंटचा नंबर दिला. त्याने आम्हाला माजिवड्यात सातव्या मजल्यावरचा वन बीएचके दाखवला. डिपॉझिट आठ लाख, मुदत दोन वर्षं, भाडं नाही, लाईट बिल तेवढं आपलं. दोन वर्षांनी आठच्या आठ लाख परत. मालक दुबईला असतात म्हणे, किल्ली एजंटकडेच होती. वॉचमनला सहज विचारलं तर म्हणाला, इथे वन बीएचकेला २५ हजार भाडं चाललंय. घर एवढं हवेशीर की मुलगी खिडकीशी जाऊन बसली आणि म्हणाली, ही जागा माझी.

चार दिवसांपूर्वी २५ हजार टोकन यूपीआयने दिलं. नाव आलं ते कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं. बाकीचे रविवारपर्यंत द्या, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे म्हणतो. करार नोटरी करून देणार. रजिस्ट्रेशनला फार खर्च येतो आणि मालक इथे नाहीत, असं त्याचं म्हणणं. सोसायटीत मात्र ‘मालकाचे नातेवाईक’ म्हणून सांगायचं, कारण सोसायटी जादा पैसे लावते. त्याच्या कार्डावर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नंबर आहे.

तीन लाख एफडीचे, दोन लाख दीर देतायत, तीन लाख माझे दागिने ठेवून. मिस्टर म्हणतात, वर्षाला जवळजवळ दोन लाख भाडं वाचतंय आणि तू शंका काढत बसतेस. मला पटत नाहीये, पण नेमकं काय खटकतंय ते सांगताही येत नाही.

आणखी एक. भाचा सांगलीहून ऐरोलीला नोकरीसाठी येतोय. त्याला ऑनलाइन घर मिळालंय, मालक लष्करात आहेत. बघायला येण्याआधी गेट पासचे २,५०० भरायला सांगतात, परत मिळतात म्हणे. त्याचंही सांगा.

— एक वाचक, कळवा

उत्तर

ताई,

रविवारी एक रुपयाही देऊ नका. दागिने कपाटात असतील तर तिथेच राहू द्यात. एफडी मोडायचा अर्ज दिला असेल तर बँकेत जाऊन थांबवा. हे सगळ्यात आधी सांगते, कारण रविवार तोंडावर आलाय आणि त्याआधी एजंटचा फोन येणारच.

तुम्ही म्हणता काय खटकतंय ते सांगता येत नाही. पण तुमच्या पत्रात ते सगळं ओळीओळीने आलंय. वॉचमनचे २५ हजार तुम्ही उगाच नाही लिहिले. तिथूनच सुरुवात करू. एक कागद घ्या आणि मिस्टरांना शेजारी बसवा.

२५ हजार भाडं म्हणजे मालकाला वर्षाला तीन लाख, दोन वर्षांत सहा लाख. हे सहा लाख तो सोडतोय. बदल्यात त्याला काय मिळतंय? तुमचे आठ लाख दोन वर्षं वापरायला. सात टक्क्यांनी एफडीत ठेवले तर वर्षाचं व्याज ५६ हजार, दोन वर्षांचं एक लाख बारा हजार. सहा लाखांवर पाणी सोडून कुणी सव्वा लाखही पदरात पाडून घेणार नाही. मिस्टर म्हणतील, त्याला पैशाची नड असेल. असू दे. बँकेतून आठ लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी काढलं तरी वर्षाचं व्याज ९६ हजार होतं. भाड्याच्या तीन लाखांतून ते भरून वर दोन लाख उरले असते. दुबईत नोकरी करणाऱ्या माणसाला हे गणित येत नाही, असं मला वाटत नाही.

हे गणित फक्त एकाच माणसाला परवडतं: ज्याला आठ लाख परत करायचेच नाहीत.

आता हा खेळ कसा चालतो ते सांगते. ठाणे, मुंब्रा, घणसोली, खारघर, सगळीकडे साच्यातून काढल्यासारखा एकच. एजंट मालकाकडून घर रीतसर भाड्याने घेतो. मालकाला सांगतो, चांगली फॅमिली आहे, २५ हजार भाडं, ७५ हजार डिपॉझिट, पैसे माझ्याकडून महिन्याच्या पाच तारखेला खात्यात पडतील, तुम्हाला कटकट नको. मालक परगावी किंवा परदेशी असला तर खूशच होतो. मग तेच घर एजंट तुम्हाला हेवी डिपॉझिटवर देतो. मालकाकडे एक कागद, तुमच्याकडे दुसरा. त्या दुसऱ्या कागदावर मालकाची सही कुणी केलेली असते, ते मालकालाच माहीत नसतं.

तुमचे आठ लाख हातात आले की त्यातून मालकाचं डिपॉझिट ७५ हजार गेलं, सहा महिन्यांचं भाडं दीड लाख गेलं. पावणेसहा लाख एजंटकडे उरले. अशी दहा घरं केली की काय होतं, ते तुम्हीच मांडा. सात-आठ महिन्यांनी भाडं पडायचं थांबतं, एजंटचा फोन बंद लागतो, ऑफिसला कुलूप. आणि एका सकाळी खरा मालक तुमच्या दारात उभा राहतो आणि विचारतो, तुम्ही कोण?

मिस्टरांच्या कंपनीतले ते गृहस्थ खोटं बोलत नाहीयेत, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्यांचं वर्ष खरंच सुखाचं गेलंय. पण त्यांच्या मालकाला भाडं कुठून जातंय? नव्याने येणाऱ्या डिपॉझिटमधून. तुमचे आठ लाख पोचले तर त्यांचे आणखी काही महिने निघतील. एजंटला जाहिरात करावी लागत नाही. ‘मी राहतोय की, काही त्रास नाही’ हे सांगणारा सज्जन माणूस त्याला फुकट मिळतो. म्हणून ओळखीतून आलेल्या एजंटचीही तेवढीच चौकशी करायची. ओळख तुमच्या सहकाऱ्याशी आहे, घराच्या मालकाशी नाही.

मी भाडेकरारांच्या ऑनलाइन नोंदणीचं काम करते. लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन लोकांच्या घरी जायचं, आधारवर थंब घ्यायचा, फोटो काढायचा आणि करार सबमिट करायचा. एकदा नेरुळला एका आजींकडे गेले होते. फ्लॅट त्यांच्या नावावर, त्या स्वतः मुलीकडे राहायच्या. भाडेकरूच्या कंपनीला रजिस्टर करारच हवा होता, म्हणून एजंटचा नाइलाज झाला होता. मसुदा इंग्रजीत. आजींच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या, थंब काही केल्या लागेना. ओल्या फडक्याने बोट पुसलं, कोरडं केलं, दुसरं बोट लावून बघितलं. मशीन दर वेळी लाल दिवा दाखवायचं. वेळ जात होता म्हणून मी म्हटलं, तोवर करारात काय लिहिलंय ते वाचून दाखवते, मराठीत सांगते. मुदत सांगितली, पत्ता सांगितला आणि म्हटलं, ‘डिपॉझिट पाच लाख, भाडं दरमहा शंभर रुपये.’

आजींनी मशीनवरचं बोट उचललं. ‘अगं, मला तर पंचाहत्तर हजार दिलेत यांनी. आणि भाडं बावीस हजार ठरलंय.’

एजंट दारातच फोन बघत उभा होता. टायपिंगची चूक आहे म्हणाला, मग झेरॉक्स काढून आणतो म्हणून खाली गेला. तो परत आलाच नाही. भाडेकरू सानपाड्याला सामान बांधून बसले होते. त्यांचा एक लाख आधीच गेला होता. चार लाख त्या दिवशी संध्याकाळी द्यायचे होते, ते वाचले. तेव्हापासून मी रकमा मोठ्याने वाचल्याशिवाय कुणाचाही थंब घेत नाही. अर्धा दिवस जातो कधीकधी, लोक वैतागतात. वैतागू देत.

हा प्रसंग लांबण लावून सांगितला, कारण तुमचा एजंट रजिस्ट्रेशन का टाळतोय ते त्यात आहे. रजिस्टर करारात एकच मसुदा असतो. मालक आणि भाडेकरू वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या गावात थंब देऊ शकतात, पण रक्कम दोघांसमोर तीच येते. नोटरीच्या कागदाला हे बंधन नाही. नोटरी सही बघतो. घर कुणाचं, हे तो तपासत नाही.

राहिला खर्च. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठराविक मुदतीच्या भाडेकरारावर, मुद्रांक शुल्क लागतं पाव टक्का, म्हणजे ०.२५ टक्के. ते एकूण भाड्यावर, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटचं दरसाल १० टक्क्यांनी जे व्याज धरतात त्यावर. तुमचं भाडं शून्य. आठ लाखांचं दोन वर्षांचं व्याज धरलं एक लाख साठ हजार. त्याचा पाव टक्का किती? चारशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. वर थोडं हाताळणी शुल्क आणि घरी येऊन काम करणाऱ्याची मजुरी. आठ लाखांच्या व्यवहारात हा ‘फार खर्च’ आहे म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे नीट बघा.

आणि नोंदणी ही काही आपल्या मर्जीची गोष्ट नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. जबाबदारी मालकाची, चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘अकरा महिन्यांच्या आतला करार रजिस्टर करावा लागत नाही’ हा समज आपल्याकडे इतका मुरलाय की शिकलेली माणसंही तेच सांगतात. महाराष्ट्रात ते खरं नाही. याच कलमात भाडेकरूच्या बाजूचीही एक गोष्ट आहे: करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. पण या संरक्षणाला समोर खरा मालक लागतो. ज्याने तुम्हाला घर दिलंच नाही, त्याच्यापुढे हे कलम घेऊन कसं उभं राहणार?

मालक खरंच दुबईत असेल तर त्यालाही रस्ता आहे. तो इथल्या कुणाला तरी मुखत्यारपत्र देतो, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी. तिथल्या भारतीय वकिलातीत सही होते, इथे त्यावर मुद्रांक शुल्क भरलं जातं. मूळ कागद मागा. ‘व्हॉट्सअॅपवर फोटो आहे’ हे उत्तर चालणार नाही. मुखत्यारपत्रात घर भाड्याने द्यायचा आणि डिपॉझिट घ्यायचा अधिकार लिहिलाय का, तेही वाचा.

आता सोसायटीत नातेवाईक म्हणून सांगायचं प्रकरण. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खुपलेलं वाक्य हेच. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे जादा पैसे लावते त्याला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणतात. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, असा राज्य सरकारचा २००१ सालचा आदेश आहे. सेवाशुल्क तीन हजार असेल तर तीनशे रुपये महिना. आणि ते भरायचे असतात मालकाने. तीनशे रुपये वाचवायला कुणी खोटं बोलायला लावत नाही. खोटं बोलायला लावतात ते तुम्ही सोसायटीच्या ऑफिसात जाऊ नये म्हणून. कारण तिथे खऱ्या मालकाचा फोन नंबर आहे.

तेव्हा शनिवारी संध्याकाळी तिथेच जा. दोघंही जा. एजंटला कळवू नका. सेक्रेटरी किंवा मॅनेजर भेटले की सरळ सांगा, ‘सातव्या मजल्यावरचा अमुक नंबरचा फ्लॅट आम्हाला भाड्याने दाखवलाय. मालकांशी बोलल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. तुम्ही मालकांना फोन लावून देता का?’ सोसायट्या नंबर द्यायला का कू करतात, ते स्वाभाविक आहे. मागू नका. त्यांच्याच फोनवरून लावायला सांगा. मालकाला तीनच गोष्टी विचारायच्या. घर भाड्याने द्यायचंय का, या एजंटला तुम्ही नेमलंय का, आणि डिपॉझिट किती ठरलंय. तुमच्याकडचा आठ लाखांचा आकडा आधी तुम्ही सांगू नका. त्यांना सांगू द्या.

एजंट कदाचित ‘मालकाशी व्हिडिओ कॉल करून देतो’ म्हणेल. त्याने लावलेल्या फोनवर पलीकडे कोण आहे ते तुम्हाला कसं कळणार? मालकाचा नंबर एजंटकडून घ्यायचाच नाही, हे पक्कं धरा.

कागदांपैकी लाईट बिल आणि मालमत्ता कराची पावती या दोन गोष्टी आधी मागा. तुमच्या कळव्यात वीज टोरंटची आहे, माजिवड्यात महावितरणची. महावितरणच्या बिलावर १२ आकडी ग्राहक क्रमांक असतो. कुठल्याही यूपीआय अॅपमध्ये वीजबिल भरायच्या जागी तो टाकला की बहुतेक वेळा ग्राहकाचं नाव आणि थकबाकी दिसते. बिलाच्या फोटोवर जे नाव आहे तेच तिथे आलं पाहिजे. फोटोवर नाव बदलणं आता पोराटोरांचं काम झालंय. त्यानंतर इंडेक्स टू. घर विकत घेताना जो दस्त नोंदला जातो त्याचा हा सारांश. त्यात घेणाऱ्याचं नाव, गाव, क्षेत्रफळ, तारीख सगळं असतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. मौजे माजिवडे टाकून सर्व्हे नंबरने शोधावं लागतं, ते किचकट वाटलं तर ठाण्यात करारांची कामं करणारा कुणीही थोड्या पैशात काढून देईल.

एक सांगते, नाव जुळलं नाही म्हणजे लगेच फसवणूक असं समजू नका. वडील गेले आणि बिल अजून त्यांच्या नावावर आहे, असं दहातल्या दोन-तीन घरांत मी बघते. नवी मुंबईत तर जमीन सिडकोची, घर हातोहात विकलं गेलेलं, ट्रान्सफर रखडलेलं, लाईट बिलावर पहिल्याच मालकाचं नाव. अशा वेळी खरा मालक न वैतागता मधले कागद काढून दाखवतो. खोटा माणूस मात्र म्हणतो, ‘विश्वास नसेल तर राहू द्या, दुसरी पार्टी आहे.’

कार्डावरच्या महारेरा नंबरवर जाऊ नका. ती नोंदणी प्रकल्पांतल्या घरांच्या विक्रीसाठी असते. भाड्याचं घर त्याच्या हातात कुणी दिलंय, हे त्यातून कळत नाही.

समजा सगळं खरं निघालं. मालक भेटले, म्हणाले हो, मला आठ लाखच हवेत, भाडं नको. असे मालक असतात, अगदी नाही असं नाही. तरीही माझं मत विचाराल तर घेऊ नका. हेवी डिपॉझिट म्हणजे मालकाला दिलेलं बिनातारण कर्ज. ज्याला आज आठ लाखांची निकड आहे तो दोन वर्षांनी ते कुठून आणणार? बहुतेक वेळा पुढच्या भाडेकरूकडून, आणि तो मिळेपर्यंत तुम्ही लटकलेले. घरावर बँकेचं कर्ज असेल आणि हप्ते थकले तर बँक दारावर नोटीस चिकटवते, तेव्हा तुमचं डिपॉझिट कुणी मोजत नाही. शिवाय तुमच्या आठातले तीन लाख दागिन्यांवरचे. त्याचं व्याज दरमहा जाणारच, म्हणजे भाडं शून्य कुठे राहिलं? दिरांचे दोन लाख त्यांना मध्येच लागले तर काय सांगणार? ज्यांच्याकडे आठ लाख बाजूला पडून आहेत त्यांनी काय करायचं ते करावं. तुमची ही सगळी पुंजी आहे, एका वाक्यावर ती ठेवू नका.

आता टोकनच्या २५ हजारांचं. ते गेलेत असं धरू नका, पण वाटही बघू नका. एजंटशी झालेले सगळे मेसेज, यूपीआयची पावती, त्याच्या कार्डाचा फोटो, घराचे त्याने पाठवलेले फोटो एका जागी ठेवा. मेसेजमधलं काही खोडू नका. फोनवर बोलणं टाळा, जे असेल ते लिहून विचारा. हा मेसेज पाठवा, हवा तर असाच्या असा: ‘आम्ही करार फक्त रजिस्टर करणार. डिपॉझिट फक्त मालकाच्या नावाच्या बँक खात्यात देणार. मालकाचं लाईट बिल, कर पावती, इंडेक्स टू आणि मुखत्यारपत्र सोमवारपर्यंत पाठवा. जमत नसेल तर टोकनचे २५,००० याच यूपीआयवर परत करा.’ यात आरोप एकही नाही. काम सरळ असेल तर त्याला राग यायचं कारण नाही.

शनिवारी सोसायटीत मालक म्हणाले की ‘मी असं काही दिलेलं नाही’, तर मग सोमवारची वाट बघायची नाही. तिथूनच १९३० ला फोन लावा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. पैसे पुढे सरकवले गेले नसतील तर खात्यात अडवता येतात, म्हणून तासातासाला किंमत आहे. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, रक्कम हाताशी ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार टाका. मग पोलीस ठाणं. घर माजिवड्यात, तुम्ही कळव्यात, म्हणून हद्दीवरून कुणी परत पाठवू लागलं तर झिरो एफआयआर हा शब्द लक्षात ठेवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीबाहेरचीही तक्रार घेण्याची तरतूद आहे. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८, पूर्वीचं चारशेवीस. खरे मालक सोबत आले तर फार बरं. त्यांच्याही नावाचा वापर झालाय, आणि दोघांनी मिळून दिलेली तक्रार ‘घरमालक-भाडेकरूचं भांडण’ म्हणून बाजूला पडत नाही.

भाच्याचं थोडक्यात. त्याला आजच फोन करून थांबवा. लष्करातला मालक, बदली झालेली, गणवेशातला फोटो, कॅन्टीनचं कार्ड, ही सोंगं देशभर चालतात. लष्करावरची आपली श्रद्धा त्यांना ठाऊक असते. घर बघायला गेट पासचे पैसे ऐरोलीत काय, कुठेच कुठलीही सोसायटी घेत नाही. वॉचमन वहीत नाव लिहितो आणि फोन करून विचारतो, एवढंच. २,५०० दिले की पुढे ‘परताव्यासाठी’ क्यूआर कोड येईल, एक रुपया पाठवा म्हणतील, पिन टाकायला सांगतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. जाहिरातीतले फोटो गूगल लेन्सवर टाकून बघायला सांगा. तेच घर बंगळुरूच्या किंवा पुण्याच्या जाहिरातीत सापडलं तर विषय मिटला. आधारची प्रत पाठवली असेल तर पुढच्या वेळी फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार पाठव म्हणावं. त्याला नोकरीवर लवकर हजर व्हायचं असेल तर महिनाभर ऐरोली किंवा रबाळ्याला कुणा मित्राच्या खोलीत राहू दे, आणि सुट्टीच्या दिवशी पायी हिंडून घरं बघू दे. घरात उभं राहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. तुमच्या अनुभवावरून त्याला हेही सांगा की घरात उभं राहिलो तरी तेवढं पुरत नाही.

मानपाड्याच्या त्या सहकाऱ्यांना कळवायला हवं. हे मला सोपं वाटत नाही, कारण ते आधी चिडतील. मिस्टरांनी त्यांना एवढंच विचारावं, ‘तुम्ही तुमच्या मालकांशी शेवटचं कधी बोललात?’ कधीच नाही, असं उत्तर आलं तर त्यांनीही त्यांच्या सोसायटीच्या ऑफिसात जाऊन मालकाचा शोध घ्यावा. मालक भेटले आणि प्रकरण उघडं पडलं तर घाबरून सामान घेऊन निघू नये, भांडूही नये. मालकाला आपला कागद दाखवावा, त्यांचा बघावा आणि सोबत पोलिसांत जावं. एजंट अजून फोन उचलतोय तोवर हे केलेलं बरं. तुमचे आठ लाख पोचले नाहीत की त्यांच्या घराचं भाडं कधी थांबेल, सांगता येत नाही.

आणि मिस्टरांवर रागावू नका. १६ हजार दर महिन्याला हातातून जाताना बघणाऱ्या माणसाला बिनभाड्याचं घर दिसलं तर त्याचा जीव त्यात अडकणारच. त्या दोन वर्षांत काय काय करता येईल, हे त्यांनी मनात मांडूनही ठेवलं असेल. गणिताचा कागद त्यांच्यापुढे ठेवा, शंका म्हणून नको, हिशेब म्हणून ठेवा. सोसायटीतला फोन त्यांनाच करू द्या.

आज रात्री तुमच्या सध्याच्या मालकांनाही फोन करा. मुलाचं लग्न कोणत्या तारखेला आहे ते विचारा आणि आणखी एक महिना मागून बघा. एवढी वर्षं वेळेवर भाडं देणाऱ्या भाडेकरूला महिनाभराची सवलत बहुतेक मालक देतात. तो महिना मिळाला तर खारेगाव, पारसिकनगर, विटावा या भागात १६-१७ हजारांत काय मिळतंय ते बघायला सवड होईल, आणि मुलीची शाळाही बदलावी लागणार नाही. घर बघायला जाताना तिला नेऊ नका. कागद बघून झाले की मग न्या.